पुस्तक कपाटात, प्रयोगशाळा कुलपात

शाळांच्या वार्षिक दिनदर्शिकेत दोन दिवस हमखास साजरे होतात. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीनिमित्त २०१५ पासून राज्यात १५ ऑक्टोबर हा ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळला जातो. तर सर सी. व्ही. रामन यांच्या १९२८ मधील शोधाच्या स्मरणार्थ १९८७ पासून २८ फेब्रुवारी हा ‘राष्ट्रीय विज्ञान दिन’ म्हणून देशभर साजरा होतो. पहिल्या दिवशी कपाटातील पुस्तके बाहेर येतात, दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचे कुलूप निघते. छायाचित्रे काढली जातात, अहवाल वरिष्ठ कार्यालयाकडे रवाना होतो आणि दुसऱ्या दिवसापासून कपाट व कुलूप पूर्ववत होते. मुलांच्या कुतूहलाचे खरे दुखणे या दोन दिवसांच्या औपचारिकतेत जितके आहे, तितकेच ते दोन वेगळे दिवस असण्यातही आहे. वाचन हा भाषेच्या शिक्षकांचा प्रांत आणि प्रयोग हा विज्ञानाच्या शिक्षकांचा, अशी वाटणी आपल्या शाळांनी केव्हाच करून टाकली आहे. प्रत्यक्षात ही दोन्ही कामे एकाच वृत्तीची दोन अंगे आहेत. एखादी गोष्ट वाचावी, ती खरी आहे का असा प्रश्न पडावा, हाताने ती करून पाहावी आणि जे दिसले त्याचा अर्थ लावण्यासाठी पुन्हा पुस्तकाकडे वळावे, या फेऱ्यालाच विज्ञान म्हणतात. हा फेरा शाळेत पूर्ण होत नाही, हे मूळ दुखणे आहे.

कुतूहलाला राजमान्यता

या प्रश्नाचा विचार आताच करण्याचे कारण असे की, ‘कुतूहल’ हा शब्द प्रथमच इतक्या ठळकपणे सरकारी कागदपत्रांत आला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पाठांतराऐवजी अनुभवातून व शोधातून शिकण्यावर भर दिला, सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना मांडली. त्यापाठोपाठ २०२३ मध्ये शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला आणि ‘एनसीईआरटी’ने २०२४ मध्ये सहावीसाठी काढलेल्या विज्ञानाच्या नव्या पाठ्यपुस्तकाचे नावच ‘क्युरिऑसिटी’ असे ठेवले. महाराष्ट्रातही २०२५–२६ या शैक्षणिक वर्षापासून, पहिलीच्या वर्गापासून आरंभ करून, नव्या धोरणानुसार अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे काम सुरू झाले. म्हणजे ज्या इयत्तांत विज्ञान हा स्वतंत्र विषय म्हणून शिकविला जातो, तेथील पुस्तके, मूल्यमापन आणि तासिकांची रचना यांच्या फेरविचाराची संधी राज्यापुढे आहे.

पैशाचीही तरतूद अगदीच नाही असे नाही. केंद्र सरकारच्या ‘अटल टिंकरिंग लॅब’ योजनेतून २०१६ पासून सुमारे दहा हजार शाळांना प्रत्येकी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्यात आले. त्रिमितीय मुद्रणयंत्रे, संवेदक, यंत्रमानवाचे सुटे भाग असे साहित्य या प्रयोगशाळांत असते. २०२५–२६ च्या अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५० हजार अशा प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली. ही घोषणा स्वागतार्हच आहे. तथापि, साहित्य आले म्हणजे प्रयोग आला, हे समीकरण आपल्या शाळांनी यापूर्वीही खोटे ठरविले आहे. मोडेल, हरवेल, लेखापरीक्षणात अडचण येईल या धास्तीने नवे कोरे साहित्य वर्षानुवर्षे खोक्यातच राहते, हा अनुभव शिक्षणक्षेत्रात वावरणाऱ्या कोणालाही नवा नाही.

आधी वाचता तर आले पाहिजे

दुसरीकडे वाचनाची स्थिती काय आहे? ‘असर’ या ग्रामीण भागातील सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार, देशातील सरकारी शाळांत पाचवीत शिकणाऱ्या मुलांपैकी ४४.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. २०२२ मध्ये, करोनाकाळातील बंद शाळांचे परिणाम ताजे असताना, हेच प्रमाण ३८.५ टक्के होते. सुधारणा झाली हे खरे. पण पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांपुढे दुसरीचा उतारा अजून उभाच आहे, हेही तितकेच खरे. ज्या मुलाला चार ओळी सलग वाचून त्यांचा अर्थ लागत नाही, त्याच्या हाती सहावीत ‘प्रकाशाचे परावर्तन’ किंवा ‘पदार्थांचे गुणधर्म’ हा पाठ येतो, तेव्हा त्याच्यापुढे एकच मार्ग उरतो, तो म्हणजे पाठांतराचा.

शहरी वाचकांनी हा प्रश्न ग्रामीण भागाचा म्हणून बाजूला सारण्याचे कारण नाही. शहरांतील मुले अक्षरे ओळखण्यात मागे नसतात. त्यांची अडचण निराळी आहे. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि पडद्यावर दोन्हींची सरमिसळ अशा स्थितीत वाढणारे मूल इंग्रजीतील व्याख्या अस्खलित म्हणून दाखविते. पण ‘म्हणजे काय?’ असे विचारल्यास अडखळते. प्रश्न सुचतो तो ज्या भाषेत मूल भांडते आणि स्वप्ने पाहते त्या भाषेत. ती भाषा विज्ञानाच्या तासाला वर्गाबाहेर ठेवली, की प्रश्नही बाहेरच राहतो. माध्यम कोणतेही असो, किमान प्रश्न विचारण्याची मुभा घरच्या भाषेत असावी, ही मागणी अस्मितेची नसून शिकण्याच्या प्रक्रियेची आहे.

भाषा आणि विज्ञान यांचा हा संबंध महाराष्ट्रातच फार पूर्वी अभ्यासला गेला होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा एक भाग म्हणून १९७४ मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. डॉ. व. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली या केंद्राने आपल्या आरंभीच्या कामासाठी निवड केली ती जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील शाळांची. मुलांना विज्ञान अवघड जाते ते पुष्कळदा संकल्पना अवघड असते म्हणून नव्हे, तर पाठ्यपुस्तकाची भाषा त्यांच्या आवाक्याबाहेरची असते म्हणून, याकडे डॉ. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्ष वेधले. पुढे याच केंद्राने प्राथमिक शाळेतील मुलांसाठी ‘स्मॉल सायन्स’ ही पुस्तकमाला तयार केली. गोष्ट, निरीक्षण, चित्र काढणे, मोजणे आणि बोलणे या सगळ्यांना तीत सारखेच स्थान आहे. वाचन व कृती यांची सांगड घालणारी पुस्तके कशी असावीत, हे शोधण्यासाठी महाराष्ट्राला फार दूर जाण्याची गरज नाही.

वाचले, शंका आली, करून पाहिले

ज्यांच्या नावाने विज्ञान दिन साजरा होतो, त्या रामन यांचेच उदाहरण या बाबतीत बोलके आहे. १९२१ मध्ये ते युरोपला गेले असता भूमध्य समुद्राच्या गडद निळ्या रंगाने त्यांचे लक्ष वेधले. समुद्राचा निळेपणा म्हणजे आकाशाच्या रंगाचे प्रतिबिंब होय, हे लॉर्ड रॅले यांचे स्पष्टीकरण त्या काळी मान्य होते आणि रामन यांनी ते वाचलेले होते. परतीच्या प्रवासात त्यांनी खिशात मावणाऱ्या निकोल लोलकातून पाण्याकडे पाहिले. या लोलकाने पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश वगळता येतो. प्रतिबिंब वगळूनही समुद्र निळाच दिसला! प्रकाशाच्या विकिरणाविषयीचे त्यांचे संशोधन येथून पुढे गेले आणि त्याचा शेवट १९३० च्या नोबेल पारितोषिकात झाला. या कथेत प्रयोगशाळा नाही, अनुदान नाही. आहे ते वाचलेल्या विधानावर शंका घेण्याचे धैर्य आणि ती शंका पडताळण्याची सवय.

मायकेल फॅरडे यांची कथाही याच जातीची. १७९१ मध्ये लंडनजवळ एका लोहाराच्या घरी जन्मलेल्या या मुलाला धड शालेय शिक्षणही मिळाले नव्हते. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना बांधणीसाठी आलेली पुस्तके तो वाचू लागला. विश्वकोशातील विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट यांचे संवादरूपाने लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तक या दोहोंनी त्याला विज्ञानाकडे वळविले. महत्त्वाचे हे की, पुस्तकातील विधाने तो आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून घेतलेल्या साहित्यानिशी करून पाहत असे. पुढे याच फॅरडे यांनी मुलांसाठी केवळ एका मेणबत्तीवर व्याख्यानमाला दिली आणि ती पुस्तकरूपाने जगभर पोहोचली.

मेणबत्तीचा विषय निघालाच आहे, तर आपल्याकडील पिढ्यान्‌पिढ्यांनी पाठ केलेल्या एका प्रयोगाकडे पाहणे उद्बोधक ठरेल. ताटलीत पाणी घ्यायचे, मध्ये जळती मेणबत्ती ठेवायची आणि वर पेला पालथा घालायचा. मेणबत्ती विझते, पेल्यात पाणी चढते. ‘ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणून हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो,’ हे त्यावरील साचेबंद उत्तर. ज्या मुलाने हा प्रयोग स्वतः केला आणि लक्ष देऊन पाहिला, त्याला मात्र या उत्तरात खोट दिसेल. पाणी मेणबत्ती जळत असताना हळूहळू चढत नाही; बहुतांश पाणी ती विझल्यानंतर एकदम चढते. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या, तर पेल्यातील ऑक्सिजन तेवढाच असूनही पाणी अधिक उंच जाते. याचे कारण ज्योतीमुळे तापून प्रसरण पावलेली हवा विझल्यावर थंड होऊन आकसते, हे आहे. शिवाय जळताना कार्बन डायऑक्साइड तयार होतोच आणि पेल्यातील सगळा ऑक्सिजन संपण्यापूर्वीच ज्योत विझते. एक पंचमांश हा आकडा पाहायचाच असेल, तर ओल्या परीक्षानळीच्या आतल्या बाजूस लोखंडाचा कीस चिकटवून ती पाण्यात पालथी ठेवावी आणि काही दिवस वाट पाहावी. लोखंड गंजताना ऑक्सिजन वापरला जातो आणि पाणी सुमारे एक पंचमांश उंचीपर्यंत चढते.

या एका उदाहरणात सारा प्रश्न सामावला आहे. प्रयोग न करता उत्तर पाठ करणाऱ्याला परीक्षेत पूर्ण गुण मिळतात. प्रयोग करून ‘पाणी तर विझल्यावर चढले’ असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याचे गुण कापले जाण्याचीच शक्यता अधिक. अशा व्यवस्थेत कुतूहल टिकावे कसे?

सावलीला अनुदान लागत नाही

खर्चाची सबब किती लंगडी आहे, हे दाखविणारा दुसरा प्रयोग म्हणजे सावलीचा. मैदानात एक काठी सरळ उभी रोवावी आणि दर दहा मिनिटांनी तिच्या सावलीचे टोक खडूने नोंदवावे. ‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो’ हे वाक्य प्रत्येकाने ऐकलेले असते. मुंबईतील मुलाला मात्र सर्वांत आखूड सावली वर्षातील बहुतेक दिवस साडेबारा वाजून गेल्यावर मिळेल. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला आहे. या अंतरामुळे तेथील माध्यान्ह सरासरीने ३९ मिनिटे उशिरा होते. एका काठीतून भूगोल, गणित आणि खगोलशास्त्र असे तीन विषय एकदम वर्गात येतात. आणि सूर्य खरोखर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनच दिवस! संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने राज्यातील प्रत्येक गावाला हे ‘शून्य सावली’चे दोन दिवस लाभतात, दिल्लीकरांना ते कधीच लाभत नाहीत. मुंबईत हे दिवस मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस येतात. दुर्दैव असे की, मे महिन्यात शाळांना सुट्टी असते आणि जुलैत आभाळ भरलेले असते. निसर्गाचे वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. मूल घरी असतानाही पाहू शकेल, नोंदवू शकेल, अशी सवय त्याला शाळेने लावायची असते ती याचसाठी.

होशंगाबादचा धडा

हे सारे एखाद्या हौशी शिक्षकापुरते ठीक, सार्वत्रिक पातळीवर ते शक्य नाही, असा आक्षेप नेहमीच घेतला जातो. त्याला मध्य प्रदेशातील एका उपक्रमाने तीस वर्षे उत्तर दिले होते. ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी १९७२ मध्ये तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा माध्यमिक शाळांत ‘होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम’ सुरू केला. १९७८ मध्ये तो संपूर्ण जिल्ह्यात पोहोचला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ या संस्थेने त्याची धुरा पुढे वाहिली. दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ सरकारी शाळांतील शिक्षकांबरोबर बसून धडे लिहीत, प्रयोग करून पाहत, फसलेले प्रयोग बदलत. ‘बालवैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकांत तयार उत्तरे नव्हती. करायच्या कृती होत्या आणि त्यांवरचे प्रश्न होते. आठवीच्या परीक्षेत मुलांना पुस्तक व वही सोबत नेण्याची मुभा होती आणि प्रात्यक्षिकाला लेखी परीक्षेच्या बरोबरीने महत्त्व होते. मुलांचे प्रश्न ‘सवालीराम’ या काल्पनिक व्यक्तीच्या नावे येत आणि त्यांना पत्राने उत्तरे जात. १९८५ पासून निघणाऱ्या ‘चकमक’ या मासिकाने या मुलांना वाचायला दिले. पुस्तक, प्रयोग, परीक्षा आणि पत्रव्यवहार अशा चारही बाजूंनी कुतूहलाला आधार देणारी ही रचना होती.

२००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तेव्हा तो सुमारे हजार शाळांपर्यंत विस्तारला होता. देशभरातील अनेक शास्त्रज्ञ व शिक्षणतज्ज्ञांनी विरोध नोंदविला, पण निर्णय बदलला नाही. काही शाळांतील मुलांना राज्यातील इतरांपेक्षा वेगळे पुस्तक आणि वेगळी परीक्षा कशासाठी, हा एकसारखेपणाचा आग्रह अखेरीस प्रबळ ठरला. या अनुभवातून घेण्याजोगा बोध दुहेरी आहे. सरकारी शाळेतील सामान्य शिक्षक साध्या, स्वस्त साहित्यावर उत्तम विज्ञान शिकवू शकतो, हे होशंगाबादने सिद्ध केले. त्याचबरोबर, पुढची परीक्षा आणि पालकांचा विश्वास या दोन गोष्टी सोबत नसतील, तर चांगला कार्यक्रमही सरकारच्या एका आदेशानिशी संपतो, हेही दाखवून दिले.

महाराष्ट्राचा वारसा, शाळेच्या कुंपणाबाहेर

होशंगाबादचा एक धागा महाराष्ट्रात येऊन पोहोचलेला आहे. पुण्यात टेल्कोमध्ये अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये या कार्यक्रमात सहभागी झाले. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून त्यांनी भूमितीचे सांगाडे तयार केले. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आपला आकार सोडत नाही, चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच कलंडतो. पुलाच्या आणि मनोऱ्याच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, हे व्याख्येविना समजते. २००३ पासून सुमारे दशकभर गुप्ता यांनी पुण्यातील ‘आयुका’च्या आवारातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम केले, टाकाऊ वस्तूंपासूनची शेकडो खेळणी आणि अनेक भाषांतील पुस्तके महाजालावर विनामूल्य उपलब्ध करून दिली. २०१८ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले.

वाचनाच्या बाजूचा वारसा तर त्याहून जुना आहे. बाळशास्त्री जांभेकर यांनी १८४० मध्ये काढलेल्या ‘दिग्दर्शन’ मासिकात मराठी वाचकांसाठी शास्त्रीय विषय असत. १९२८ मध्ये ‘सृष्टिज्ञान’ सुरू झाले. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. परिषदेच्या कथास्पर्धेसाठी १९७४ मध्ये ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने आलेली ‘कृष्णविवर’ ही कथा डॉ. जयंत नारळीकर यांची निघाली आणि मराठी विज्ञानकथेला नवा वाचकवर्ग मिळाला. पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून मुलांच्या हाती पडत आहे. मे २०२५ मध्ये निधन पावलेले डॉ. नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत की, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा; उत्तराखाली स्वाक्षरी मिळेल. जागतिक कीर्तीच्या खगोलशास्त्रज्ञाने पोस्टकार्डाचे उत्तर स्वतः द्यावे, यातून मुलाला मिळणारा संदेश कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मोठा असतो: तुझा प्रश्न उत्तर देण्याच्या योग्यतेचा आहे.

हाताने शिकण्याच्या बाजूस डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाचे उदाहरण आहे. बांधकाम, वीज, शेती, अन्नप्रक्रिया अशी कामे करता करता त्यामागचे शास्त्र समजून घ्यायचे, ही तेथील पद्धत. पुढे हा विचार मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमाच्या रूपाने काही शाळांतही पोहोचला. मात्र अशी सर्व कामे पाहिली, तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. महाराष्ट्रात कुतूहल जोपासले ते प्रामुख्याने व्यक्तींनी, नियतकालिकांनी आणि स्वयंसेवी संस्थांनी. शाळेच्या रोजच्या वेळापत्रकाने नव्हे. ज्याच्या घराजवळ अशी संस्था आहे, ज्याच्या पालकांना तिची माहिती आहे, त्याच मुलाला तिचा लाभ होतो. शाळेच्या कुंपणाबाहेर राहिलेला वारसा मूठभरांचाच राहतो.

शिकवणीत शिरलेले कुतूहल

शहरांत या पोकळीत आता बाजार शिरला आहे. विज्ञानाच्या तयार संचांची खोकी, सुट्टीतील यंत्रमानव शिबिरे, स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्या यांची रेलचेल आहे. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने १९८१ पासून चालविलेल्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेची मूळ आखणी पाहण्यासारखी आहे. लेखी परीक्षेपुरती ती थांबत नाही. प्रात्यक्षिक, कृती-संशोधन प्रकल्प आणि मुलाखत असे टप्पे तीत आहेत. पाठांतराला शह देण्याचाच तो प्रयत्न होता. पण या स्पर्धेभोवतीही शिकवण्यांचे जाळे विणले गेले आहे आणि प्रकल्पाचा विषय निवडण्यापासून नोंदवही सजविण्यापर्यंत मदत करणारे मार्गदर्शक उपलब्ध आहेत. मूल्यमापन कितीही कल्पक असले, तरी त्याला पदकाची आणि प्रवेशाची किंमत चिकटली, की त्याचीही गाइडे निघतात.

सर्व दोष पालकांच्या माथी मारूनही चालणार नाही. दहावीनंतरच्या प्रवेशात गुणच बोलतात, हे त्यांना ठाऊक असते. शिक्षकांची बाजूही समजून घ्यावी लागेल. शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठरविले आहे. शहरांतील अनेक वर्गांत मुलांची संख्या त्याहून कितीतरी अधिक असते. साठ मुलांच्या वर्गात ३५ मिनिटांच्या तासिकेत साहित्य वाटणे, प्रयोग करून घेणे, चर्चा करणे आणि आवराआवर करणे हे कोणालाही अशक्यप्राय आहे. त्यात सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे, ऑनलाइन माहिती भरणे आणि विविध ‘दिन’ व ‘उत्सव’ साजरे केल्याचे पुरावे पाठविणे यांची भर. ‘मला माहीत नाही, चला शोधून पाहू’ असे वर्गात म्हणण्यासाठी शिक्षकाला निवांतपणा लागतो, आणि तसे म्हटल्याने आपला मान कमी होणार नाही हा विश्वासही लागतो. या दोन्ही गोष्टी आज दुर्मीळ आहेत.

काय करता येईल?

म्हणूनच नव्या अभ्यासक्रमाची अंमलबजावणी करताना साहित्य खरेदीपेक्षा रचनेतील काही मोजक्या बदलांकडे राज्याने लक्ष द्यावयास हवे. पहिला बदल वेळापत्रकाचा. आठवड्यातून एकदा विज्ञान आणि भाषा यांच्या तासिका जोडून घेतल्या, तर एक सलग दीर्घ तासिका मिळते. तीत मुलांनी प्रयोग करावा, दिसले ते आपल्या शब्दांत लिहावे आणि त्याविषयी वाचावे. यासाठी नवीन पदे वा निधी लागत नाही. लागते ती दोन विषयांच्या शिक्षकांनी एकत्र बसण्याची तयारी.

दुसरा बदल पुस्तकांच्या जागेचा. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातच प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे, असे म्हटले आहे. कायद्याची पूर्तता बंद कपाटानेही होते. कुतूहलाची होत नाही. वर्गातच मुलांच्या हाताला लागेल अशा फळीवर पन्नास पुस्तके असली आणि ती फाटली तरी शिक्षकाकडून वसुली होणार नाही, असे लेखी आदेश निघाले, तर पुष्कळ काही साधेल. हाच नियम भिंगांना आणि परीक्षानळ्यांना लागू व्हावा. वापरून मोडलेले साहित्य हा गुन्हा न ठरता, न वापरता जपून ठेवलेले साहित्य हा दोष ठरावा.

तिसरा आणि सर्वांत निर्णायक बदल प्रश्नपत्रिकेचा. शाळेत जे तपासले जाते तेच शिकविले जाते, हे कटू असले तरी सत्य आहे. ‘व्याख्या लिहा’ आणि ‘शास्त्रीय कारणे द्या’ या चौकटीबरोबरच, मुलाने प्रत्यक्ष केलेल्या निरीक्षणावर आधारित एक प्रश्न आणि न शिकविलेला छोटा शास्त्रीय उतारा वाचून त्यावर शंका उपस्थित करण्यास सांगणारा एक प्रश्न, असे दोन प्रश्न प्रत्येक परीक्षेत सक्तीचे झाले, तर शिक्षकाला प्रयोगासाठी आणि वाचनासाठी वेळ काढणे भागच पडेल. उत्तर चुकले तरी निरीक्षण प्रामाणिक असल्यास गुण द्यावेत, अशी स्पष्ट सूचना परीक्षकांना हवी. होशंगाबादने हे तीन दशके करून दाखविले होते.

पालकांच्या हाती असलेला उपाय याहूनही सोपा आहे. मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर भ्रमणध्वनीवर शोधून तत्काळ हातात ठेवण्याची घाई टाळावी. उत्तरे आता क्षणार्धात आणि फुकट मिळतात, यंत्रेही ती सफाईने लिहून देतात. यापुढे मोल राहणार आहे ते चांगला प्रश्न विचारण्याला आणि मिळालेले उत्तर खरे का, हे पडताळण्याला. ‘तुला काय वाटते? आपण करून पाहू या का?’ एवढे दोन प्रश्न घरात वारंवार विचारले गेले, तर महागडे संच विकत घेण्याची आवश्यकता उरणार नाही.

डॉ. यश पाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ मध्ये ‘ओझ्याविना शिक्षण’ हा अहवाल दिला, तेव्हाच तिने बजावले होते की, दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक मोठे आहे. त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ लोटला, अनेक आराखडे आले, पाठ्यपुस्तकांची मुखपृष्ठे बदलली आणि आता तर पुस्तकाच्या नावातच कुतूहल आले आहे. परंतु वर्गातल्या मुलाला त्याने काय फरक पडला, हे ठरेल ते मुखपृष्ठावरून नव्हे. पेल्यातील पाणी मेणबत्ती विझल्यानंतर चढले, असे त्याने पाहिले आणि तसेच लिहिले, तर त्याच्या उत्तरपत्रिकेवर कोणती खूण होते, यावरून ते ठरेल.